जॉब सुटल्यावर

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनवर, चिप उडायला लागली की बघणाऱ्याला वाटतं, आता काम सुरू झालं. माझ्या हिशोबाने तोवर निम्म्याहून जास्त काम होऊन गेलेलं असतं. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या पकडीत कुठे धरला, किती आवळला, त्याची कोणती बाजू खरी मानून ट्रू केला, म्हणजे मध्यावर आणला, यावर पुढचं सगळं ठरतं. टूल काय, समोर येईल ते कापतं. त्याच्यासमोर काय आणून ठेवायचं ते टर्नरने आधीच ठरवलेलं असतं.

आणि नेमक्या याच कामाला आमच्या धंद्यात भाव नाही. पार्टी रेट ठरवताना फेसिंग किती, टर्निंग किती, आटे किती लांब, बोअर केवढा, एवढंच विचारते. सायकल टाइम मोजतात तोही टूल जॉबला टेकल्यापासून. सेटिंगचं, म्हणजे या धरण्या-बसवण्याचं, नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "ते तर तुम्ही करणारच की!" हे मला कित्येक वर्षं खुपतंय. रेटचं दुखणं म्हणून खुपतंच, पण त्याहून जास्त खुपतं ते असं की ज्या कामात खरी अक्कल लागते तेच काम कुणाच्या नजरेस पडत नाही.

माझं वर्कशॉप साताऱ्याच्या एमआयडीसीत. एक जुना एचएमटी एनएच-२२ लेथ, एक लहान सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ, एक ड्रिल, आणि पावसाळ्यात सगळ्यांना गंजापासून वाचवायची धडपड. साताऱ्यात लोखंडाचं काम काही आजचं नाही. कूपरांचा कारखाना इथे १९२२ पासून आहे, आणि आमच्या भागातल्या जुन्या मिस्त्रींपैकी कित्येकांचा हात तिथेच बसला. माझ्याकडे येणारं काम साधं असतं. पंपाचे शाफ्ट, इंजिनाच्या स्लीव्ह, साखर कारखान्यांच्या मेंटेनन्सचे तुकडे, द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे पार्ट. यातलं काहीही करताना पहिला प्रश्न एकच पडतो, हे धरायचं कसं?

पातळ स्लीव्हचं उदाहरण घ्या. पोकळ नळकांडं, भिंत तीन मिलिमीटर, आतून बोअर करायचा, म्हणजे भोक मापाला कापायचं. नवा मुलगा ती थ्री-जॉ, म्हणजे तीन जबड्यांच्या चकमध्ये धरतो, चावीला पाइप लावून घट्ट आवळतो आणि बोअर मारतो. बोअर अगदी सुरेख येतो. चकमध्ये असताना डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावून बघा, काटा हलत नाही. मग चक सैल होतो, स्लीव्ह हातात येते आणि तिचं गोलपण गेलेलं असतं. तीन जॉंनी तीन ठिकाणी भिंत आत दाबली होती. टूलने त्या दाबलेल्या अवस्थेत आतला भाग गोल कापला. दाब गेल्यावर भिंत आपल्या जागी परत आली आणि कापलेला गोल तिच्याबरोबर वाकडा झाला.

यात आणखी एक गोम आहे. ही तीन कोपऱ्यांची चूक दोन टोकांनी मोजणाऱ्या साधनाला बरेचदा सापडतच नाही. एका बाजूचा उंचवटा आणि त्याच्या बरोबर समोरचा खोलगटपणा एकमेकांना भरून काढतात, त्यामुळे कुठूनही मोजा, व्यास जवळपास तेवढाच येतो. मुलगा तीन-चार ठिकाणी मोजतो, आकडा बरोबर येतो, तो जॉब पास करतो. पिस्टन बसवल्यावर मात्र तो एका ठिकाणी घासतो आणि दुसऱ्या ठिकाणी गळतो. खरं बघायचं तर तीन टोकांचा बोअर गेज पाहिजे, किंवा स्लीव्ह फिरवून आत डायल लावायला पाहिजे. तेही चकमधून सुटल्यावर.

माझ्या शेडमध्ये म्हणूनच एक नियम आहे. शेवटचं माप जॉब सुटल्यावर. धरलेला जॉब दाबाखाली असतो आणि दाबाखाली घेतलेलं माप मी धरत नाही.

हा नियम मला शिकवला काकांनी. माझे सख्खे चुलते. आमचं गाव अपशिंग्याच्या बाजूचं. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचा स्मृतिस्तंभ त्या एका गावात आहे, आणि लोक गावाचं नाव आजही 'अपशिंगे मिलिटरी' असंच घेतात. त्या पट्ट्यात घरटी एकतरी माणूस फौजेत. काका ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या कोअरमध्ये होते, आर्मरर म्हणून. रायफली उघडायच्या, तपासायच्या, गेज लावायचे, झिजलेलं बॅरल बदलीसाठी पाठवायचं. निवृत्तीनंतर ते माझ्या शेडमध्ये येऊन बसायला लागले. येतात, स्टूल ओढतात, चहा घेतात आणि चकवर नजर ठेवून बसतात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बनवायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही, आणि माझ्या लेथवर बॅरल कधी चढलेलं नाही. पण जॉब धरण्याचं शास्त्र मी जे काही शिकलो त्यातलं बरंचसं काकांच्या तोंडून बॅरलच्या उदाहरणाने शिकलो. कारण धरण्याच्या कामातली प्रत्येक अडचण त्या एका नळीत एकवटलेली असते.

पहिली अडचण ही, की बॅरलमध्ये कामाचं असतं ते भोक. बाहेरचा पृष्ठभाग कितीही चकचकीत असो, गोळी जाते ती आतून. आणि आतलं भोक बाहेरच्या गोलाच्या बरोबर मध्यावर असतंच असं नाही. हे भोक पाडतात गन ड्रिलने. लांबलचक, एकाच बाजूने कापणारं ड्रिल, त्याच्या पोटातून दाबाने तेल सोडायचं म्हणजे चिप बाहेर वाहत येते. सात-आठ मिलिमीटरचं भोक साठ-सत्तर सेंटीमीटर लांब पाडायचं, म्हणजे व्यासाच्या ऐंशी-नव्वदपट. एवढ्या वाटचालीत ड्रिल थोडं तरी बाजूला जातंच. ड्रिल स्थिर ठेवून बॅरल फिरवलं तर कमी जातं, पण जातं. शिवाय ते नुसतं तिरपं गेलं असतं तर भागलं असतं. बहुतेक वेळा त्याला किंचित बाकही असतो.

काका सांगतात, पूर्वीच्या कारखान्यांत बॅरल सरळ करणारे खास कारागीर असायचे. त्यांच्याकडे गेज नसायचा. उजेडाच्या खिडकीसमोर आडवी पट्टी लावायची, बॅरल डोळ्याला धरायचं आणि आतून बघायचं. चकचकीत बोअरमध्ये त्या पट्टीची सावली रेघेसारखी लांबवर पडते. रेघ सरळ गेली तर नळी सरळ. कुठे मोडली, जाड झाली किंवा बाजूला सरकली, तर तिथे बाक. मग नेमकं तेवढंच दाबायचं आणि पुन्हा बघायचं. मी एकदा हायड्रॉलिक सिलिंडरची होन केलेली, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेली नळी ट्यूबलाइटकडे धरून हे करून बघितलं. रेघ दिसते. पुढचे कितीतरी दिवस शेडमध्ये आलेली एकही नळी मी डोळ्याला लावल्याशिवाय ठेवली नाही.

तर बाहेरून थ्री-जॉमध्ये धरून बॅरलच्या मागच्या टोकाला आटे पाडले, तर आटे बाहेरच्या गोलाशी जमतील, भोकाशी नाही. चांगल्या थ्री-जॉमध्येही पाच-दहा शतांश मिलिमीटरचा रनआउट, म्हणजे फिरतानाचा डगमगाट, निघतोच, तो वेगळाच. मग ते आटे रायफलच्या बॉडीत बसतील, काडतूस बसायची चेंबरही त्याच चुकीच्या मध्यावर कापली जाईल आणि गोळी बोअरमध्ये शिरताना किंचित एका अंगाला टेकून शिरेल. शिशाची किंवा तांब्याचं आवरण असलेली गोळी ती. एका बाजूने जास्त कोरली जाते, दुसऱ्या बाजूने कमी. बाहेर पडल्यावर ती गरगर फिरत असते, आणि फिरणाऱ्या वस्तूचा मध्य ढळला की काय होतं हे पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतला पंखा, बॅलन्स केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

म्हणून बॅरल बसवणारा कारागीर बाहेरच्या अंगाकडे बघतच नाही. तो भोकाला डायल लावतो.

आमच्याकडे लिव्हरवाल्या डायलला सगळे पुपीटास म्हणतात. लांब लिव्हरचा पुपीटास घ्यायचा, बोअरच्या तोंडात घालायचा, स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा पोकळ आस, हाताने फिरवायचा. चक फोर-जॉ, म्हणजे चारही जॉ वेगवेगळे सरकणारे. माझ्याकडे पोकळ शाफ्टचं एक काम येतं, आत तेल वाहतं आणि बाहेर बेअरिंग बसतं. त्यालाही हेच करावं लागतं. काका स्टुलावर असतात तेव्हा ते काम मी मुद्दाम काढतो.

जॉंना खडूने एक ते चार आकडे घालतो. आधी एक आणि तीन, मग दोन आणि चार. एकच्या समोर डायलचा काटा एका जागी, तीनच्या समोर चाळीस शतांश पुढे. म्हणजे मध्य वीस शतांशांनी ढळलाय. फरक दिसतो तो दुप्पट असतो, हे पहिल्यांदा शिकणाऱ्याच्या डोक्यात बसायला वेळ लागतो. मग एका बाजूचा जॉ किंचित ढिला, समोरचा तेवढाच आत. पुन्हा फिरव. शेवटचे दोन-तीन शतांश राहतात तेव्हा ढिलं काहीच करायचं नाही, ज्या बाजूला भोकाची भिंत मध्यापासून जास्त लांब दिसतेय तिकडचा जॉ फक्त चावीच्या वजनाने आवळायचा. इथे हाताला कळतं. जॉ धातूत रुततो त्या आधीचा एक क्षण असतो, चावी जड होते पण थांबलेली नसते. काका म्हणतात, "आरं, आता हात काढ. जास्त झालं की त्यो सांगायचा न्हाई तुला."

तोंडाशी काटा स्थिर झाला की अर्धंच काम झालं. तोंडाजवळ मध्य बरोबर आहे, पण नळी तिरपी असू शकते. म्हणून डायल आत ढकलायचा, दहा सेंटीमीटर किंवा त्याच्याही पुढे, आणि तिथे बघायचं. तिथला फरक काढायचा तर नळीचं दुसरं टोक हलवावं लागतं. बॅरल हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल बसतो त्या पेटीच्या, पोटातून आरपार घातलेलं असतं, आणि स्पिंडलच्या मागच्या तोंडाला चार बोल्टांची एक कडी बसवलेली असते. तिला स्पायडर म्हणतात. मागचे बोल्ट फिरवले की आतला फरक निघतो, पण त्या नादात तोंडाजवळचा थोडा बिघडतो. परत पुढे, परत मागे. दर फेरीला चूक कमी होत जाते.

आता खरी खुबी. फोर-जॉचे जॉ लांब आणि सपाट असतात. त्यांनी नळी लांबवर पकडलेली असताना मागून ती तिरपी करायला गेलात तर नळी तिरपी होत नाही, वाकते. जॉ तिला हलू देत नाहीत, मागचे बोल्ट तिला ओढतात, आणि मधल्या मध्ये बॅरल धनुष्यासारखं ताणलं जातं. डायल मात्र शून्य दाखवतो! जॉब सुटला की नळी सरळ होते आणि तुमचे आटे तिरपे. यावर कारागिरांनी काढलेला उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा विश्वास बसला नाही. जाड तांब्याच्या तारेचं एक कडं नळीभोवती घालायचं आणि जॉ त्या तारेवर टेकवायचे. आता पकड एका अरुंद रेषेवर येते. नळी त्या रेषेवर हवी तशी कलू शकते आणि वाकत नाही. तांबं मऊ, त्यामुळे डागही पडत नाही.

मी हे पोकळ शाफ्टला करून बघितलं आणि तेव्हापासून दुसऱ्या पद्धतीने केलेलं नाही. माझ्या ओळखीचे बरेच टर्नर तांब्याची पट्टी वापरतात, पण ती डाग पडू नये म्हणून. तारेचं काम वेगळं आहे. ती जॉबला त्याच्या कलाने बसू देते.

रायफलच्या बोअरमध्ये डायल लावायची आणखी एक अडचण आहे, ती आमच्या शाफ्टला नसते. आत पीळ असतो. खाचा आणि मधले उंचवटे. लिव्हर उंचवट्यावर चढली की काटा उडतो, खाचेत उतरली की परत पडतो. त्यातून मध्य शोधायचा तर फक्त खाचांच्या तळाची मापं एकमेकांशी ताडायची. पण जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलच्या एनफिल्ड पद्धतीत खाचा पाच असतात, पीळ डावा, दहा इंचात एक फेरा. पाच म्हणजे विषम, त्यामुळे एका खाचेच्या बरोबर समोर दुसरी खाच येतच नाही, उंचवटा येतो. समोरासमोरची दोन मापं ताडून चालत नाही. पाचही खाचा घ्याव्या लागतात. नाहीतर बोअरमध्ये चपखल बसणारी बुश, म्हणजे कडी, आणि दांडा घालून त्या दांड्यावर डायल लावायचा. काकांना दांडा आवडत नाही. त्यांचं म्हणणं, दांडा आणि बोअर यांच्यात जी फट राहते ती आपल्या मापात शिरते. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण घाईच्या कामात दांडा सोयीचा हेही खरं.

बाक असलेल्या बोअरचं काय करायचं, यावर जगभरचे बॅरल बसवणारे आजही वाद घालतात. एकांचं म्हणणं, दोन्ही टोकांचे मध्य पकडा, सेंटरवर, म्हणजे दोन टोकदार टेकूंमध्ये, धरा आणि कापा. दुसरे म्हणतात, गोळी जिथे बोअरमध्ये शिरते ती जागा आणि तिच्या थोडंसं पुढची जागा, एवढ्याच दोन ठिकाणी बोअर शून्यावर आणा. मग पुढचं टोक फिरताना घेर काढू लागलं तरी काढू द्या, त्याची मागाहून सोय करता येते. माझा कौल दुसऱ्या बाजूला. गोळीची पहिली गाठ पडते ती तिथे. आयुष्यभर सरळ जायचं तर शिरताना सरळ शिरलं पाहिजे. पुढच्या टोकाचा राहिलेला बाक रायफलवर बसताना वर किंवा खाली येईल असा फिरवून घेतात, म्हणजे तो नेम धरायच्या साइटच्या उंचीत सामावतो आणि डावीउजवीकडे ओढत नाही.

आटे झाले, खांदा झाला, चेंबर झाली, की शेवटी हेडस्पेस. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचा टेकू यांच्यातलं अंतर. इथे गो आणि नो-गो गेज लागतात, आपण बेअरिंगच्या बोअरला लावतो तसेच. गो वर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गो वर होता कामा नये. ढिलं राहिलं तर काडतुसाचं पितळ ताणून फाटू शकतं, आणि ते बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. काका हे सांगताना आवाज चढवत नाहीत. "गेज म्हंजे गेज," एवढंच म्हणतात.

हे सगळं बंदुकीचं, आपल्या कामाशी त्याचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी जॉन विल्किन्सनचं नाव घेतो. जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन कागदावर उत्तम होतं, पण सिलिंडर काही केल्या गोल निघत नव्हता. त्याआधीच्या बोरिंग मशीनमध्ये कटरचा दांडा एकाच बाजूने धरलेला असायचा, पुढचं टोक मोकळं. ओतीव सिलिंडरचं भोक जसं वाकडं असेल तसा कटर त्या वाकडेपणाच्या मागे जायचा. विल्किन्सन तोफा करणारा माणूस. १७७४ मध्ये त्याने भरीव तोफ फिरवत ठेवून तिच्यात भोक पाडण्याची पद्धत पेटंट केली, आणि त्याच धड्यावरून पुढच्या वर्षी सिलिंडरसाठी नवं मशीन उभं केलं. दांडा सिलिंडरमधून आरपार घातला आणि दोन्ही टोकांना टेकू दिला. एवढाच बदल. पन्नास इंची सिलिंडर एका जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही चुकत नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन याने कौतुकाने लिहून ठेवलंय. वाफेचं युग सुरू व्हायला जी अचूकता लागली ती धरण्याच्या पद्धतीतून आली. कटर तोच होता!

दुसरं नाव व्हिटवर्थचं. आमच्या जुन्या टॅप-डायच्या पेटीत बीएसडब्ल्यूचे, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थचे आटे अजून आहेत, पंचावन्न अंशांचे. १८४१ मध्ये ज्याने ते ठरवून दिले तोच हा जोसेफ व्हिटवर्थ. ब्रिटिश सरकारने त्याला रायफलच्या अभ्यासाला लावलं. त्याने मँचेस्टरला आपल्या जागेत पाचशे यार्डांची बंदिस्त गॅलरी बांधली, वाऱ्याचा अडथळा नको म्हणून, आणि षटकोनी बोअरची रायफल केली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने तिचा पहिला बार काढला. रायफल लोखंडी टेकूवर पक्की बांधून आधीच नेम धरून ठेवली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली. लोक राणीचं कौतुक करून गेले. मला कौतुक वाटतं ते त्या टेकूचं. बार उडताना झटका बसतो, तरीही नेम ढळेपर्यंत गोळी बाहेर पडलेली असली पाहिजे. ज्याने तो बांधला त्याचं नाव कुठे नसणार.

रायफल पूर्ण झाली तरी धरण्याचा प्रश्न संपत नाही, हे मला फार उशिरा कळलं. बॅरल लाकडी दस्त्याला कुठे टेकतं, किती दाबाने टेकतं, यावर नेम बदलतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दाब बदलतो, गोळी सरकते. म्हणून नेमबाजीच्या रायफलीत बॅरल बहुधा पुढे मोकळंच सोडतात, फक्त मागच्या बॉडीशी घट्ट.

२०२४ ला कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. शेडमध्ये आम्ही सगळे मोबाइलभोवती गोळा झालो होतो. नंतर मी हिशोब करत बसलो. त्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. बॅरल पासष्ट सेंटीमीटरचं धरलं, तर गोळी वर्तुळाच्या मध्यावरून कडेला जायला बॅरलचं तोंड जेमतेम सात शतांश मिलिमीटर हलावं लागतं. आमच्या थ्री-जॉ चकचा नेहमीचा रनआउट! अर्थात कायमची तेवढीच चूक असेल तर ती साइट फिरवून काढता येते. एका शॉटला इकडे आणि पुढच्याला तिकडे, हे मात्र कशानेच निघत नाही. ते पोर गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून तासन्‌तास ती रायफल धरून होतं. काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "हाताचा दाब बघ त्येचा, परत्येक टायमाला त्योच." त्यांना त्या मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर ते कसं दिसलं मला माहीत नाही, पण माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

आता आयटीआयमधून नवी मुलं येतात ती थेट सीएनसीवर हात ठेवायला. त्यांचा दोष नाही, नोकरी तिथेच आहे. त्यांना वाटतं मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मशीन देतं. मशीन मायक्रॉनमध्ये सरकतं हे खरं, पण जॉब जॉमध्ये वाकडा बसला असेल तर मशीन मायक्रॉनच्या अचूकतेने वाकडाच कापणार. म्हणून मी पहिले काही आठवडे त्यांना सीएनसीला हात लावू देत नाही. फोर-जॉ, पुपीटास आणि एक मुद्दाम निवडलेला वाकडा पाइप. ट्रू करा, सोडा, परत बांधा. कंटाळतात. एखादा दुसऱ्याच दिवशी यायचा बंद होतो. जो टिकतो त्याला मग सॉफ्ट जॉ शिकवतो. मऊ लोखंडाचे जॉ चकवर बसवून, ज्या दाबाने जॉब धरायचा त्याच दाबाखाली ते जॉबच्या मापाला बोअर करायचे. म्हणजे स्लीव्हला तीन टोकं न टोचता जवळजवळ सगळीकडून आधार मिळतो. हे करायला वेळ जातो. पण मघाशी सांगितलेली ती तीन मिलिमीटर भिंतीची स्लीव्ह यातच सुटल्यावर गोल राहते. आणि दाब? प्रेशर जेवढं लागेल तेवढंच, रफिंगला जास्त, फिनिशच्या आधी कमी केलेलं. फिनिश कट घेण्यापूर्वी चक एकदा सोडून हलक्या हाताने परत धरायचा, आणि जॉब तापला असेल तर थंड होऊ द्यायचा. पन्नास मिलिमीटरचा पोलादी जॉब वीस अंश तापला की दहा-बारा मायक्रॉन फुगतो, सगळी मेहनत तिथेच जाते.

एवढं सगळं करायचं आणि कोटेशनमध्ये त्याचा पत्ताच नाही, हे मी आता बंद केलंय. कोटेशनमध्ये वेगळी ओळ घालतो. 'सेटिंग, डायल करून', आणि पुढे रक्कम. काही पार्ट्या ती ओळ खोडतात आणि दुसरीकडे जातात. त्यांना जाऊ देतो. काही जण फोन करून विचारतात, हे काय नवीन? त्यांना शेडमध्ये बोलावतो, त्यांचाच जॉब फोर-जॉमध्ये बांधतो, पुपीटास लावतो आणि चावी त्यांच्या हातात देतो. काका स्टूल पुढे सरकवतात.